आधी पडताळणी, मग इतबार

शाबान महिन्याची २९ तारीख आली की मगरिबच्या सुमारास माणसे गच्चीवर, मशिदीच्या आवारात, खाडीकाठी पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात. कोणाला चंद्रकोर दिसते, कोणाला दिसल्याचा भास होतो. हनफी फिक्हमध्ये या पाहण्याचे नियम बारकाईने सांगितले आहेत. आभाळ ढगाळ असेल तर रमजानच्या चाँदसाठी एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते, ईदच्या चाँदसाठी दोघांची लागते. आभाळ निरभ्र असेल तर मात्र एक-दोघांच्या सांगण्यावर भागत नाही. पुष्कळांनी चाँद पाहिलेला असावा लागतो. स्वच्छ आभाळात तो एकालाच का दिसावा, हा साधा प्रश्न त्यामागे आहे. डोळा हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार कितीही सज्जन असला तरी तो कोणत्या परिस्थितीत पाहत होता हे विचारावेच लागते.

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर विचारला आणि त्यातून डोळा व प्रकाश यांचे नवे शास्त्र उभे केले, तो माणूस हजार वर्षांपूर्वी बसरा शहरात जन्मला. अबू अली अल-हसन इब्न अल-हसन इब्न अल-हैसम हे त्याचे पूर्ण नाव. युरोपने पुढे ‘अल-हसन’चे ‘अल्हाझेन’ केले आणि त्याच नावाने त्यांना ओळखले.

इब्न अल-हैसम यांचा जन्म सन ९६५च्या सुमारास, म्हणजे हिजरी ३५४च्या आसपास झाला. बसरा तेव्हा व्यापाराचे आणि विद्येचे मोठे बंदर होते. बगदादमध्ये दीडशे वर्षे चाललेल्या भाषांतरांमुळे युक्लिडची भूमिती, टॉलेमीचे खगोलशास्त्र, गेलेनचे वैद्यक आणि अ‍ॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान अरबीत उपलब्ध झाले होते. तरुण हसन यांनी हे सगळे वाचले. वाचताना त्यांच्या लक्षात आले की हे थोर लोक एका अगदी साध्या गोष्टीवर एकमेकांशी सहमत नाहीत. माणसाला दिसते कसे?

युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडतात, वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून ती दिसते. अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांच्या मते वस्तूचे रूपच हवेतून डोळ्यात येते. पहिल्या पक्षाकडे भूमिती होती, दुसऱ्याकडे निसर्गाचा विचार होता. दोघांचेही शिष्य आपापल्या गुरूंचे ग्रंथ दाखवत भांडत होते. वस्तुस्थिती नेमकी काय हे तपासून पाहण्याची गरज फारशा कोणाला वाटत नव्हती.

पण प्रकाशाकडे वळण्याआधी इब्न अल-हैसम यांना एका वेगळ्याच अपयशातून जावे लागले. इतिहासकार अल-किफ्ती यांनी ती हकिकत नोंदवून ठेवली आहे. नाईल नदीला दरवर्षी पूर येतो, कधी पाणी फार चढते तर कधी कमी पडते, आणि त्यावर मिसरचे पीकपाणी अवलंबून असते. आपण मिसरमध्ये असतो तर नदीचा हा चढउतार काबूत आणणारे बांधकाम केले असते, असे ते बसऱ्यात बोलून गेले. ही गोष्ट काहिराचे फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या कानी गेली. अल-हाकिम विद्येचे आश्रयदाते होते आणि तितकेच लहरीही. त्यांनी इब्न अल-हैसम यांना बोलावून घेतले आणि शहराबाहेर जाऊन त्यांचे स्वागत केले. सोबत कारागीर देऊन त्यांना नदीच्या वरच्या अंगाला रवाना केले.

नदीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे जाताना इब्न अल-हैसम यांना प्राचीन मिसरी लोकांची देवळे आणि इमारती दिसू लागल्या. त्यांची मापे अचूक होती, भूमिती बिनचूक होती, दगड असे बसवले होते की सांधा शोधावा लागावा. पाहता पाहता त्यांचा धीर सुटला. ज्यांना इतके साधले त्यांना नाईल अडवणे शक्य असते तर त्यांनी ते केव्हाच केले असते. अस्वानजवळ, जिथे नदी उंचावरून खाली उतरते, ती जागा त्यांनी चारी बाजूंनी पाहिली आणि आपली योजना तिथे चालणार नाही अशी खात्री करून घेतली. त्याच अस्वानला पुढे १९०२मध्ये पहिले धरण आणि १९७०मध्ये उंच धरण पूर्ण झाले. कल्पना खुळी नव्हती. त्या काळच्या साधनांना ती पेलणारी नव्हती, आणि हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कळले नसते.

ते परत आले आणि जमले नाही असे खलिफांना सांगितले. शिक्षा झाली नाही, उलट सरकारी नोकरी मिळाली. पण अल-हाकिम यांची मर्जी कधी फिरेल याचा नेम नव्हता. किरकोळ कारणावरून माणसे मारली जात. इब्न अल-हैसम यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले. त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली गेली, त्यांच्यावर देखरेखीला माणसे नेमली गेली आणि त्यांना घरातच कोंडून ठेवण्यात आले. १०२१मध्ये एका रात्री अल-हाकिम काहिराजवळच्या मुकत्तमच्या टेकड्यांकडे गेले ते परतलेच नाहीत. त्यानंतर इब्न अल-हैसम यांचे ‘वेड’ उतरले.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. पहिले तीन भाग सरळ दिसणाऱ्या दृष्टीविषयी आहेत, पुढचे तीन आरशातल्या परावर्तनाविषयी आणि सातवा पाणी, काच यांतून वाकणाऱ्या प्रकाशाविषयी. ग्रंथात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : ‘एतिबार’. त्यांच्या अरबीत त्याचा अर्थ पडताळणी, करून पाहणे. हाच शब्द उर्दूत ‘एतबार’ झाला आणि मराठीत ‘इतबार’. आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ मात्र ‘विश्वास’ होऊन बसला. बाराखडी तीच, पण वाटेत पडताळणी गळून गेली. इब्न अल-हैसम यांच्या लेखी हे दोन अर्थ वेगळे नव्हते. ज्याची पडताळणी झाली त्याच्यावरच विश्वास.

त्यांचे प्रयोग घरातल्या वस्तूंनी करता येण्याजोगे होते. अंधाऱ्या खोलीला एक छिद्र. छिद्राबाहेर वेगवेगळ्या जागी ठेवलेले दिवे. आतल्या भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके. एक दिवा झाकला की नेमका त्याच्या समोरचा ठिपका नाहीसा होई, दिवा उघडला की ठिपका परत येई. त्यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. प्रकाश सरळ रेषेत जातो, आणि एकाच छिद्रातून जाणारे अनेक दिव्यांचे प्रकाश एकमेकांत मिसळत नाहीत. सूर्याकडे रोखून पाहिले की डोळा दुखतो, उजेडाकडे पाहून अंधारात गेले की त्याची छटा डोळ्यापुढे रेंगाळते. मग बाहेरून काहीतरी डोळ्यात येऊन परिणाम करते हे उघड आहे. डोळ्यातून किरण सोडून आकाशातले तारे गाठण्याची कल्पना त्यांनी अनावश्यक ठरवली. भूमिती युक्लिडची ठेवली, दिशा मात्र उलटी केली. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सरळ रेषांनी निघतो आणि डोळ्यात शिरतो.

डोळ्याची रचना त्यांनी गेलेनच्या परंपरेतल्या वैद्यांकडून घेतली. त्याच काळी, त्याच खलिफांच्या काहिरात अम्मार अल-मौसिली नावाचे नेत्रवैद्य पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढत होते आणि त्यांनी आपला ग्रंथ अल-हाकिम यांनाच अर्पण केला होता. अरबी वैद्यांनी डोळ्याच्या पडद्यांना दिलेली नावे आजही उर्दूत चालतात. शिंगासारखा पारदर्शक तो ‘करनिया’, जाळ्यासारखा तो ‘शबकिया’. ‘शबका’ म्हणजे जाळे. लॅटिन भाषांतरकारांनी जाळ्यासाठीच्या आपल्या शब्दावरून याचे ‘रेटिना’ केले. मराठीत आपण त्याला दृष्टिपटल म्हणतो.

तिसऱ्या भागात इब्न अल-हैसम सर्वांत नाजूक प्रश्नाला हात घालतात. डोळा चुकतो केव्हा? नजर बिनचूक असण्यासाठी त्यांनी आठ अटी सांगितल्या. वस्तूचे अंतर, तिची डोळ्यासमोरची स्थिती, तिच्यावरचा उजेड, तिचा आकार, तिची घनता, मधल्या हवेची पारदर्शकता, पाहायला मिळालेला वेळ आणि डोळ्याचे आरोग्य. यातली प्रत्येक गोष्ट एका मर्यादेत हवी. मर्यादेपेक्षा फार जास्त किंवा फार कमी झाली की समोर दिसते ते खरे मानता येत नाही. क्षितिजाजवळचा चंद्र मोठा का भासतो याचे कारणही त्यांनी डोळ्याच्या अंदाजात शोधले. क्षितिजापर्यंत मधे जमीन, झाडे, घरे असल्याने मन त्याला अधिक दूर समजते आणि म्हणून अधिक मोठा ठरवते. चंद्र तेवढाच असतो, माप घेणारा फसतो.

ही आठ अटींची यादी आजच्या नेत्ररुग्णालयात ठेवून पाहण्यासारखी आहे. काचबिंदूच्या तपासणीसाठी रुग्णाला आता ओसीटी यंत्रापुढे बसवतात. १९९१मध्ये जगापुढे आलेले हे तंत्र डोळ्यात अवरक्त प्रकाश सोडते आणि दृष्टिपटलावरून परतणाऱ्या प्रकाशावरून त्याच्या थरांची जाडी मोजते. त्यातला मज्जातंतूंचा थर निरोगी प्रौढ माणसात सरासरी शंभर मायक्रॉनच्या आसपास भरतो; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काचबिंदूत हाच थर हळूहळू झिजतो. यंत्र काही सेकंदांत आकडा देते आणि शेजारी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवते. रुग्ण त्या रंगाकडे निकालासारखा पाहतो.

पण तो निकाल नसतो, साक्ष असते. तोच डोळा, तेच यंत्र, तोच दिवस, तरी दोनदा मोजल्यावर सरासरीत काही मायक्रॉनचा फरक पडू शकतो. वयामुळेही हा थर दर दहा वर्षांत साधारण दोन मायक्रॉन पातळ होतो, आजार नसताना. म्हणून एका तपासणीतली थोडीशी घट म्हणजे आजार वाढला असे होत नाही, आणि थोडीशी वाढ म्हणजे तंतू परत उगवले असेही नाही. मधला मार्ग स्वच्छ नसेल, म्हणजे मोतीबिंदू असेल किंवा डोळ्याची ओल सुकली असेल, तर यंत्राला मिळणारा प्रकाश क्षीण होतो आणि थर खरा आहे त्यापेक्षा पातळ भरतो. मोजताना डोळा हलला, पापणी मिटली, मध्यबिंदू सरकला, तर आकडा बिघडतो. जास्त नंबरच्या चष्म्याच्या निरोगी डोळ्यात यंत्र लाल रंग दाखवू शकते, कारण ज्या निरोगी लोकांच्या नोंदींशी ते तुलना करते त्यात असे डोळे फार नसतात. अंतर, स्थिती, उजेड, पारदर्शकता, वेळ : अटी त्याच आहेत, फक्त डोळ्याच्या जागी यंत्र आले आहे.

आठवी अट, डोळ्याचे आरोग्य, इथे सर्वांत जड जाते. निरोगी डोळ्यात थराची कड स्पष्ट असते आणि यंत्र तिच्यावर बरोबर रेघ ओढते. काचबिंदू झालेल्या डोळ्यात थर पातळ आणि कड पुसट होत जाते, त्यामुळे रेघ चुकण्याचा संभव वाढतो. आजार फार पुढे गेला की थर पन्नास मायक्रॉनच्या आसपास येऊन थांबतो, कारण तंतू गेले तरी रक्तवाहिन्या आणि आधार देणारी ऊती उरतात. नजर कमी होत राहते आणि आकडा मात्र जागचा हलत नाही. ज्याला अचूक मापाची सर्वाधिक गरज, त्याच्याच बाबतीत यंत्र मुके होते. म्हणूनच जाणते डॉक्टर एका कागदावर विसंबत नाहीत. चांगल्या प्रतीची तपासणी, शक्यतो त्याच यंत्रावर, पुन्हा करतात. सोबत डोळ्यातला दाब, नजरेचा घेर आणि मज्जातंतूचे तोंड स्वतः पाहतात. निरभ्र आभाळात एका साक्षीवर भागत नाही, तसेच हे.

काचबिंदूला उर्दूत ‘काला मोतिया’ म्हणतात. बहुतेकदा तो दुखत नाही, कडेकडेने नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. औषध फक्त उरलेली राखते. रमजानमध्ये काही रुग्ण रोजा तुटेल या भीतीने डोळ्यांचे थेंब महिनाभर बंद ठेवतात. डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या मौलानांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारावे. पण थेंब परस्पर थांबवू नयेत.

खुद्द इब्न अल-हैसम यांचाही एक मोठा अंदाज चुकला. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून आलेले चित्र उलटे पडते हे त्यांना माहीत होते, पण डोळ्यातही उलटे चित्र पडते हे त्यांनी मान्य केले नाही. जग तर सुलटे दिसते! म्हणून पाहण्याची संवेदना डोळ्यातल्या भिंगातच होते असे त्यांनी मानले, आणि जाळ्यासारख्या त्या ‘शबकिया’ला दुय्यम जागा दिली. १६०४मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी दाखवून दिले की चित्र दृष्टिपटलावर पडते आणि उलटेच पडते. केप्लर यांना ही चूक सापडली ती इब्न अल-हैसम यांच्याच वाटेने चालून, बिंदूपासून निघणाऱ्या सरळ किरणांचा हिशेब शेवटपर्यंत नेऊन.

त्यांना याचे वाईट वाटले नसते, असे त्यांच्या दुसऱ्या एका ग्रंथावरून म्हणता येते. ‘अल-शुकूक अला बतलमियूस’, म्हणजे टॉलेमीविषयीच्या शंका, या पुस्तकात त्यांनी आठशे वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या टॉलेमींच्या लिखाणातल्या विसंगती दाखवल्या. सत्य शोधणाऱ्याने जुन्या ग्रंथकारांवर भरवसा टाकून बसू नये, उलट त्यांच्या प्रत्येक विधानाला प्रश्न विचारावा, आणि त्याच वेळी स्वतःच्या मतावरही संशय घ्यावा, असे त्यांनी तिथे बजावले आहे. माणूस चुकतो आणि निर्दोष फक्त अल्लाह आहे, या श्रद्धेतूनच त्यांचा हा संशय आलेला होता. मापात खोट करणाऱ्यांना खडसावणारी ‘मुतफ्फिफीन’ ही सूरह कुराणात आहे. बाजारातल्या तराजूला लागू पडणारी ती शिस्त त्यांनी निरीक्षणाला लावली, असे म्हणता येईल.

सुटकेनंतर ते काहिरात अल-अझहर मशिदीच्या दाराशी एका खोलीत राहू लागले. दरबार नको, पगार नको. वर्षाकाठी ते युक्लिड, टॉलेमी आणि भूमितीच्या इतर ग्रंथांच्या नकला स्वतःच्या हाताने उतरवत आणि दीडशे मिसरी दीनारांना विकत. त्यात त्यांचे वर्ष निघे. उरलेला वेळ लिहिण्यात आणि शिकवण्यात जाई. चंद्राचा प्रकाश, ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणारी सूर्यकोर, गणिताने किबल्याची दिशा काढण्याची रीत, असे कितीतरी विषय त्यांनी हाताळले.

त्यांच्याविषयी एक हकिकत बैहकी यांनी सांगितली आहे. एक अमीर त्यांच्याकडे शिकायला आला. इब्न अल-हैसम यांनी महिन्याला शंभर दीनार मागितले. अमिराने तक्रार न करता तीन वर्षे पैसे मोजले आणि विद्या घेतली. निघताना गुरूंनी सगळी रक्कम त्याच्या हाती परत ठेवली. चांगले शिकवण्याचा मोबदला घ्यायचा नसतो. पैशांपेक्षा विद्या त्याला प्रिय आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. इथेही आधी पडताळणी, मग इतबार.

सन १०४०च्या सुमारास, हिजरी ४३०च्या आसपास, काहिरात त्यांचे निधन झाले. ‘मनाझिर’ १२००च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला. रॉजर बेकन, विटेलो, पेकम यांनी तो अभ्यासला. पूर्वेकडे कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यावर विस्तृत टीका लिहिली आणि त्याच प्रयोगांच्या वाटेने इंद्रधनुष्याचा उलगडा केला. १५७२मध्ये लॅटिन ग्रंथ बाझेल शहरात छापला गेला. २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी प्रकाशवर्ष साजरे केले तेव्हा या ग्रंथाच्या सहस्रकाची आठवण जगभर काढली गेली. इराकच्या दहा हजार दीनारांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

चंद्रावरच्या एका विवरालाही ‘अल्हाझेन’ हे नाव आहे. ते चंद्राच्या पूर्व कडेजवळ आहे, म्हणजे नव्या चंद्राचा जो भाग आधी उजळतो त्या भागात. चाँदरातीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी कोर थोडी भरली की त्याच्यावर ऊन पडलेले असते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. दुर्बीण लागते, निरभ्र आभाळ लागते आणि सोबत आणखी कोणी पाहणारा असला तर बरे.